अब्दुल रेहमान स्ट्रीटचा गिफ्ट पेपर, डबल साइड टेप आणि आमच्या नाताळच्या २२ भेटी

आधीच सांगून टाकते, माझ्या हाताला कलाबिला काही नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला माझा कंदील नेहमी एका बाजूला कलायचा आणि बाई म्हणायच्या, असू दे, वारा आलाय. त्यामुळे इतकी वर्षं मी समजत होते की गिफ्ट नीट पॅक होत नाही ते माझ्यामुळेच. यंदा कळलं की अर्धा दोष कागदाचा होता, म्हणून हा रिव्ह्यू.

आम्ही वसईचे. नाताळला आमच्याकडे नुसत्या घरातल्या पोरांच्याच नाही तर आळीतल्या, दिराच्या, नणंदेच्या, माझ्या ऑफिसातल्या सीक्रेट सांताच्या अशा सगळ्या मिळून यंदा २२ भेटी निघाल्या. मागच्या वर्षी मी शहाणपणा करून एका मॉलमध्ये पॅकिंग काउंटरवर रांग लावली होती, तिथल्या मुलाने एका साध्या पझलच्या बॉक्सला हातभर चिकटपट्टी लावली, टोकांना कागदाचा बोळा करून आत कोंबला, वर एक तयार चिकटवायचा बो ठोकला आणि एका बॉक्सचे जेवढे पैसे घेतले तेवढ्यात माझे डझनभर कागद आले असते. घरी येईपर्यंत लोकलमध्ये तो बो पण पडला. विरार फास्टमध्ये बो टिकत नाही हे मान्य, पण टोकं तरी नीट हवी होती ना.

तर यंदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मरीन लाइन्सला उतरून चालत अब्दुल रेहमान स्ट्रीट गाठलं. क्रॉफर्ड मार्केटजवळची ती गल्ली, स्टेशनरी आणि पॅकिंगच्या सामानाची होलसेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात, आणि संध्याकाळी पाचनंतर जाल तर हातगाडीवाल्यांच्या मधून नुसतं ढकलत पुढे जावं लागतं. सकाळी अकराला जा. पिशवी मोठी न्या, आणि रोल घेणार असाल तर गर्दीच्या लोकलमध्ये तो मोडणार हे धरून चाला, मी म्हणून सुट्टे कागदच घेतले.

पहिल्या दुकानात मी नेहमीप्रमाणे चकचकीत कागदाला हात घातला. लाल, सोनेरी, त्यावर हरणं. दुकानातले चाचा म्हणाले, "ये प्लास्टिक है बेटा, नखून फिराके देखो." मी कोपरा दुमडून नख फिरवलं, हात काढला, आणि ती घडी आपोआप उघडली, जणू काही झालंच नाही. मग त्यांनी खालून एक मॅट कागद काढला, गडद हिरवा, बारीक पांढरे ठिपके, तो दुमडून नख फिरवलं तर घडी अशी बसली की इस्त्री केल्यासारखी. मी तिथे उभी राहून गेल्या दहा वर्षांचा हिशोब केला. तो फिल्मवाला कागद घडीच धरत नाही म्हणून आपण जास्त टेप लावतो, जास्त टेप लावली की चुरगळतो, चुरगळला की ओढतो, ओढला की कोपऱ्यात फाटतो. कळलं का!

तर पहिली टीप हीच, दुकानात कागद हातात घेऊन एक कोपरा दुमडा. (विचारून दुमडा, उगाच भांडण नको.) घडी बसली तर घ्या. फार पातळ असेल तर बॉक्सवरची अक्षरं आतून दिसतात आणि कोपरा लगेच फाटतो, फार जाड आर्टपेपरसारखा असेल तर टोकांच्या घड्या फुगतात. मला ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) सगळ्यात सोपा गेला. साधा ब्राउन क्राफ्ट पेपर तर सगळ्यांचा बाप, स्वस्त, घडी धरतो, त्यावर लाल रिबन बांधली की एकदम श्रीमंत दिसतं. आणि तो रद्दीत जातो, ते चकचकीत फिल्मचे आणि ग्लिटरवाले रद्दीवाला पण घेत नाही. घरात पडलेला कागद कुठला ते कळत नसेल तर मुठीत चुरगळून सोडा, परत उघडला तर प्लास्टिक आहे.

जाता जाता एक गंमत. हा सजवलेला गिफ्ट पेपर प्रकार मुळात कागद संपल्यामुळे धंद्यात आला म्हणतात ना, तर ते ग्रीटिंग कार्डांच्या हॉलमार्क कंपनीवाल्या हॉल बंधूंचं दुकान, अमेरिकेत कॅन्सस सिटीला. १९१७ च्या नाताळात त्यांचा टिश्यू पेपर संपला तेव्हा त्यांनी पाकिटांच्या आत अस्तर म्हणून लावायचा नक्षीचा फ्रेंच कागद बाहेर मांडला, १० सेंटला एक, आणि तो उडाला. म्हणजे तिथेही पातळ कागद हरला आणि जरा अंगाने भरलेला जिंकला. आणि आपली पारदर्शक चिकटपट्टी तर थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९३० मध्ये आणली, त्याआधी लोक दोऱ्याने आणि लाखेने भागवत होते. विचार करा, ज्याला घडीच घालता येत नाही त्याचं काय होत असेल.

टेपबद्दल. मी अर्ध्या इंचाची डबल साइड टेप घेतली, ती पातळ, पांढऱ्या कागदाच्या पट्टीवाली. फोमवाली घेऊ नका, ती हुक चिकटवायची, तिने कागद वर उचलला जातो. डबल टेपचा फायदा असा की बाहेरून काही दिसतच नाही, गिफ्ट एकदम दुकानातून आल्यासारखं. तोटा असा की एकदा चिकटली की चिकटली, वाकडी लावलीत तर देवाचं नाव घ्या. म्हणून आधी सुकी घडी घालून बघायची, मग पट्टी सोलायची. सोलायची पट्टी नखाने निघत नाही तेव्हा टाचणीचं टोक घाला. बाहेरून लावायचीच असेल तर स्कॉचची ती धुरकट दिसणारी मॅजिक टेप मॅट कागदावर खरंच गायब होते, महाग आहे पण दोन-चार भेटींपुरती परवडते.

आता गुंडाळायचं कसं, कारण कागद चांगला आणला आणि कापला वेडावाकडा तर काय उपयोग. माझी सगळ्यात मोठी चूक ही होती की मी कमी पडायला नको म्हणून जास्त कागद घ्यायचे. जास्त कागदच सगळं बिघडवतो. बॉक्स उलटा ठेवायचा, म्हणजे जोड खाली जातो. सुतळी किंवा रिबन बॉक्सभोवती एक पूर्ण वेढा घेऊन मापायची आणि दोन-तीन सेंटीमीटर जास्त धरायचं, ही झाली लांबी. दोन्ही टोकांना बॉक्सच्या उंचीच्या साधारण पाऊणपट कागद बाहेर राहिला पाहिजे, बस्स. ८ सेंटीमीटर उंच बॉक्स असेल तर ६. त्याहून जास्त ठेवलात की तेच ते बोळे कोंबणं सुरू. कापलेली कड थेट दिसू द्यायची नाही, सेंटीमीटरभर आत दुमडून मग टेप, या एका गोष्टीने निम्मं काम होतं, शप्पथ. टोकाला आधी दोन्ही बाजूंचे कान आत दाबायचे, मग वरची जीभ खाली, मग खालची वर. आणि सगळं झालं की बॉक्सच्या प्रत्येक कडेवरून अंगठा आणि बोट चिमटीत धरून फिरवायचं, करंजीची कड दाबतो तसं पण हलक्या हाताने. त्या चिमटीनंतर जे रूप येतं ना, मी स्वतःच फोटो काढून नणंदेला पाठवला. तिने फक्त अंगठा पाठवला, जाऊ दे.

कात्री मात्र चांगली पाहिजे. कचकच कापत जाऊ नका, अर्धी उघडी ठेवून सरळ पुढे सरकवा, चांगल्या कागदावर ती लोण्यासारखी जाते. तीसुद्धा फिल्मवर अडकते.

एक ट्रिक जी मला शिवणकाम करणाऱ्या शेजारणीने सांगितली आणि आधी पटली नाही. नणंदेच्या मुलीसाठी एक चौरस बॉक्स होता, २५ बाय २५ आणि उंची ८, आणि माझ्याकडे उरला होता ५० चा चौरस तुकडा. सरळ गुंडाळायला ६८ सेंटीमीटर लांब लागला असता. ती म्हणाली तिरका ठेव गं, रुमालात डबा बांधतो तसा. कागदाची कोपरं चार दिशांना, बॉक्स मधोमध, आणि चारही कोपरं वर आणून मध्यावर चिकटवायची. पुरलं! मग मी हिशोब केला, चौरस बॉक्सच्या वरच्या बाजूचा कर्ण अधिक उंचीची दीडपट, एवढी बाजू असलेला चौरस कागद लागतो. इथे कर्ण साधारण ३५ आणि १२, म्हणजे ४७ आणि थोडं वर. कोपरं मध्ये भेटतात तिथे एक टिकली किंवा स्टिकर लावला की टेपपण एकच लागते. लांबुळक्या बॉक्सला हे जमत नाही, तिथे सरळच बरं.

बाटल्या, टेडी, क्रिकेटची बॅट यांच्याशी मी भांडत नाही. बाटली मी गोळीच्या रॅपरसारखी दोन्ही टोकांना पीळ देऊन बांधली, खालचं टोक उभं राहत नाही म्हणून भेट आडवी द्यावी लागली, पण वसईत घरची वाइन आहे कळल्यावर कोणी रॅपिंग बघत नाही. बॉल आणि टेडीला आधी रिकामा बुटाचा खोका शोधा. बॅटला मी फक्त रिबन बांधली, लपवणार काय, ती बॅटच दिसते.

रिबन दोन प्रकारची आणली. कुरळी होणारी प्लास्टिकची, कात्रीच्या पात्यावरून अंगठ्याने दाबून हळू ओढली की गोल गोल होते, झटक्यात ओढलीत तर छान होत नाही, एकदम सावकाश. आणि सॅटिनची, जिची टोकं उसवतात, ती तिरकी कापून मेणबत्तीच्या ज्योतीजवळून नुसती फिरवा, वितळून बंद होतात. नाताळ आहे, मेणबत्त्यांची कमी नाही.

एका दुकानात मात्र फसले, नाव नाही लिहीत. बारा कागदांचं बंद पॅकेट घेतलं, वरचा कागद मॅट आणि जाड, आतले अकरा पातळ. घरी उघडल्यावर कळलं. होलसेलमध्ये पॅकेट तिथेच उघडून बघा, त्यांना राग आला तर येऊ दे.

मार्क द्यायचे तर हिरव्या मॅट कागदाला पाचापैकी साडेचार, क्राफ्टला पाच, अर्ध्या इंची डबल टेपला चार, मॉलच्या काउंटरला मी मागच्या वर्षीच दिलेत जे द्यायचे ते. २२ भेटी मी दोन रात्रींत उरकल्या, टीव्ही बघत.

टेपचा एक मार्क कापलाय तो सासूबाईंमुळे. आमच्याकडे गिफ्ट पेपर फाडायची पद्धत नाही, त्या नखाने चिकटपट्टी सोडवून कागद सपाट करतात आणि गादीखाली ठेवतात, माझ्या लग्नातला एक कागद अजून आहे तिथे. यंदा चष्मा लावून बसल्या, टेप शोधत बसल्या, आणि ओढला तर सर्रकन फाटला. हातातला तुकडा माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "एवढा चांगला कागद, आणि तू जन्मठेप दिल्यासारखी चिकटवलीस?" पुढच्या वर्षी माझ्या भेटीला नुसती रिबन बांध आणि कागद सुटा दे, अशी ऑर्डर आहे.