खरा डिरेलर एकच होता

गेल्या डिसेंबरात मी सोलापुरातील एका दुकानातून वापरलेली कार्बनची रोड रेसिंग सायकल ९५,००० रुपयांना घेतली. ‘संपूर्ण अल्टेग्रा’ (शिमानो या सायकलींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची वरच्या दर्जाची मालिका) म्हणून विकलेल्या त्या सायकलीवर अल्टेग्राचा भाग एकच निघाला, आणि तिच्या फ्रेमला रंगाखाली तडा गेलेला होता. आपल्या शहरात वेगवान सायकली घेणारे आता बरेच झाले आहेत आणि त्यांतील अनेक जण वापरलेल्या मालाकडे वळतात, म्हणून घडलेला प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

पहाटे हिप्परगा तलावापर्यंत जाऊन परतणे हा माझा रोजचा क्रम आहे, आणि रविवारी तुळजापूर, म्हणजे एका बाजूने सुमारे ४५ किलोमीटर आणि शेवटी घाट. दुकानात माझ्यासमोर दोन सायकली होत्या. एक २९ इंची चाकांची, फक्त पुढे सस्पेंशन असलेली माउंटन सायकल, आणि दुसरी ही रोड सायकल. माझा बहुतेक प्रवास डांबरावरचा असल्याने अरुंद टायरची, हलकी सायकल निवडणे चुकीचे नव्हते, हे मी आजही म्हणतो. माउंटन सायकलीचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दोन पायांचा भाग, हवेच्या दाबावर चालणारा असल्याचे दुकानदाराने सांगितले होते. त्या दिवशी काढलेले छायाचित्र नंतर मोठे करून पाहिले, तेव्हा हवेच्या फोर्कला वरच्या टोकाशी, बहुधा डाव्या पायावर टोपीखाली, जो हवा भरण्याचा व्हॉल्व्ह असतो तो तेथे नव्हता. स्प्रिंग आवळण्याची फिरती कळ होती. म्हणजे मी माउंटन सायकल निवडली असती, तरी फसलोच असतो.

शिमानोच्या रोड सायकलींच्या सुट्या भागांची चढती उतरंड क्लारिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस अशी आहे. मागच्या चाकाजवळचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, हा त्यांतील सर्वांत ठळक दिसणारा भाग, आणि ग्राहकाची नजर प्रथम तेथेच जाते. या सायकलीवर तो खरोखर अल्टेग्राचा होता. शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलण्याची कळ) आणि क्रँक (पेडल जोडलेला दांडा) मात्र टियाग्राचे होते. त्यांवरील अक्षरे घासून काढलेली होती, आणि मी विचारले तेव्हा ‘हाताच्या घामाने जातात’ असे उत्तर मिळाले. एवढी भेसळ असूनही गिअर सुरळीत पडत होते, याचे कारण मला पुढे कळले: टियाग्राच्या ४७०० मालिकेतील शिफ्टर केबल जितकी ओढतात, तितकीच ओढ ११ गिअरच्या अल्टेग्रा डिरेलरलाही चालते. त्यामुळे दुकानदार निःशंकपणे म्हणू शकला, “मालक, चालवून तर बघा की.” मी सात रस्त्यापर्यंत चालवून आलो आणि समाधानाने पैसे मोजले.

खरे तर फसवणूक उघड करायला मागच्या चाकावरील दाते असलेल्या चकत्या मोजणे पुरेसे होते. त्या पिढीचा अल्टेग्रा संच ११ चकत्यांचा असतो आणि टियाग्रा १० चकत्यांचा. शिवाय शिमानो प्रत्येक भागावर क्रमांक कोरते किंवा छापते, डिरेलरच्या मागे, क्रँकच्या आतल्या अंगाला, शिफ्टरवर. आरडी, एफसी, एसटी या अक्षरांनंतर ४७०० असेल तर टियाग्रा, आर ७००० असेल तर १०५, आर ८००० असेल तर अल्टेग्रा. समोरचे नाव घासता येते, पण क्रँकच्या आतल्या बाजूचा एफसी-४७०० हा क्रमांक कोणीही घासला नव्हता. मी फक्त खाली वाकून पाहिले नाही.

वजनाचेही तेच. जागतिक सायकल संघटनेच्या नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. दुकानदाराने माझी साडेसात किलोची असल्याचे सांगितले होते. शेजारच्या यंत्रमाग कारखान्यात सुताच्या काट्यावर टांगली, तेव्हा ती नऊ किलोंच्या वर भरली.

हे सारे पैशांचे नुकसान म्हणून सोसता आले असते. फ्रेमची गोष्ट वेगळी आहे. तिसऱ्या आठवड्यात तुळजापूरचा घाट उतरताना पायांखालून करकर आवाज येऊ लागला. शहरातील एका जुन्या, अनुभवी मिस्त्रींनी पेडलजवळच्या तिरप्या नळीवर नाण्याने हलकेच टकटक केले. इतरत्र टणक येणारा आवाज कंपनीच्या स्टिकरपाशी बद्द झाला. नाण्याची ही परीक्षा केवळ इशारा देते, म्हणून त्यांनी स्टिकर सोलला. खाली लांबी (पुट्टी) भरून रंगवलेला बोटभर तडा होता. ॲल्युमिनियमला पोचा पडला तर तो दिसतो, पण कार्बनचे थर आतल्या आत सुटू शकतात आणि भार आला की नळी एकाएकी तुटू शकते. जाणकाराने नव्याने थर देऊन केलेली आणि ग्राहकाला सांगितलेली दुरुस्ती वाईट नसते. लांबी भरून वर स्टिकर लावणे म्हणजे घाटात उतरणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळणे आहे, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुकानदाराने सायकल परत घेण्यास नकार दिला. ‘बिल कुठे आहे?’ हा त्याचा एकच प्रश्न होता. कर वाचेल या त्याच्या बोलण्याला भुलून मी बिल घेतले नव्हते; फ्रेमच्या बुडाशी कोरलेला क्रमांक कोणत्याही कागदावर आला नाही. तरीही यूपीआयने दिलेल्या रकमेची नोंद आणि ‘फुल अल्टेग्रा, फ्रेम एकदम क्लीन’ हा त्याचा व्हॉट्सॲप संदेश माझ्याकडे होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. मात्र हा मार्ग व्यावसायिक विक्रेत्याविरुद्धच आहे. एखाद्या व्यक्तीने आपली घरची सायकल विकली, तर ग्राहक कायदा कामी येत नाही, हे खासगी व्यवहार करणाऱ्यांनी आधी ध्यानात घ्यावे.

तक्रार अजून चालू आहे. फ्रेम पुरावा म्हणून माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवली आहे. निकाल लागल्यावर मिस्त्रींकडे नेऊन ती करवतीने कापून घेणार आहे, म्हणजे नवा रंग चढवून ती पुन्हा कोणाच्या हाती जाणार नाही.