यॉर्कर मॅट: डेथ ओव्हरचा बॉलर निवडायला चांगली, घडवायला तोकडी

यॉर्करच्या, म्हणजे थेट बॅटरच्या पायाशी टप्पा पडणाऱ्या बॉलच्या, सरावासाठी दीड मीटर लांब, साठ सेंटीमीटर रुंद, तीन रंगांचे पट्टे असलेली रबरी मॅट. गोव्यात म्हापसा-मडगावच्या स्पोर्ट्सच्या दुकानांत अशा मॅट मिळतात. ज्या टीमचा डेथ, म्हणजे शेवटच्या, ओव्हरचा बॉलर सध्या मार खातोय, तिच्या कॅप्टनने घेण्यासारखी आहे. मात्र सोबतच्या पत्रकाप्रमाणे अंथरू नका.

मागचं टोक यष्टींना टेकवा, असं पत्रकात छापलंय. तसं केलं तर यॉर्करचा लाल पट्टा यष्टीपासून अर्ध्या मीटरच्या आत येतो. पॉपिंग क्रीज, म्हणजे बॅटर उभा राहतो ती रेघ, यष्टीपासून १.२२ मीटर पुढे. म्हणजे लाल पट्ट्यावर पडणारा बॉल क्रीजमध्ये उभ्या बॅटरला सरळ बिनटप्प्याचा फुलटॉस! मागचं टोक यष्टींपासून एक मीटरवर ठेवा, म्हणजे लाल पट्टा क्रीजच्या दोन्ही बाजूंना येतो. बॅटर आत खोल उभा राहणारा असेल तर मॅट तीसेक सेंटीमीटर मागे ओढा. लालच्या पुढचा पिवळा पट्टा म्हणजे स्लॉट, तिथे पडलेला बॉल षटकार समजा.

दुसरी उणीव रुंदीची. मॅट मधोमध ठेवली की मधल्या यष्टीच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटीमीटरच येतात. टी-२० मध्ये ऑफ साइडची वाइडची खूण मधल्या यष्टीपासून ८९ सेंटीमीटरवर असते. वाइड यॉर्करची, म्हणजे बॅटरपासून लांब ऑफला टाकलेल्या यॉर्करची, जागा तिच्या किंचित आत, म्हणजे पूर्ण मॅटबाहेर. तिथे चुन्याची चौकट आखाच. नुसती तीच आखली तरी निम्मं काम होतं, हे दुकानदार सांगणार नाही.

खरा उपयोग निवडीचा. बॉलरला बारा बॉल कोरडे टाकायला लावा. मग बॉल बादलीत बुडवून, टॉवेलने एकदाच पुसून बारा. लाल पट्ट्यावरचे मोजा. कोरड्यात सात आणि ओल्यात तीन निघाले तर बॉलर वाईट नाही, त्याची पकड दवात सुटतेय. ओला बॉल बोटांतून लवकर निसटतो, म्हणून यॉर्करचा फुलटॉस होतो. डिसेंबर-जानेवारीत पेडणे, डिचोलीकडच्या रात्रीच्या मॅचमध्ये हेच चालतं. अशाला पंधरावी किंवा सोळावी ओव्हर द्या, एकोणिसावी दुसऱ्याला. दोन्हीकडे तीनच निघाले तर दवाला दोष देऊ नका. पुढचा पाय टेकताना त्याचा गुडघा वाकतोय का ते बाजूने मोबाइलवर शूट करून बघा. बेसबॉलमध्ये बदलून बाहेर काढलेला पिचर, म्हणजे तिथला बॉलर, त्या सामन्यात परत येत नाही. आपल्याकडे चार ओव्हर तोडून देता येतात, तरी बरेच कॅप्टन मार बसला की बिचाऱ्याला संपवूनच टाकतात.

बॅटर समोर उभा करून मॅट वापरू नका. रबराच्या कडेला लागलेला बॉल कसाही उसळतो. शिवाय रबरावरची उसळी विकेटवरच्यासारखी नसते, त्यामुळे उसळीचा अंदाज इथे घेण्यात अर्थ नाही. काथ्याच्या मॅटिंगवर ती सरकते, चारही कोपरे टेपने चिकटवा. मातीच्या विकेटवर तांबडी माती पट्ट्यांवर बसली की रंग दिसेनासे होतात, दर दोन ओव्हरनी ओला फडका मारा.

उन्हात कडा वर वळतात. पावसाळ्यात ओली गुंडाळून ठेवलीत तर गणपतीपर्यंत बुरशी आलीच म्हणून समजा. वाळवून, सपाट, पलंगाखाली ठेवा.

पाचांपैकी तीन. नुसता यॉर्कर शिकायला कुणी घेत असेल तर दोन.