क्रेडल माउंटन डे टूर: झाडं पैसा वसूल, टूर ठीकठाक

आईबाबा पुण्याहून आले होते म्हणून टास्मानियातल्या (ऑस्ट्रेलिया) लॉन्सेस्टनहून एका लोकल कंपनीची टूर घेतली. बस वेळेवर, पण लंच म्हणजे गारढोण सँडविच, शेवटी बाबांनी पिशवीतला चिवडाच काढला 😄

पण तिथल्या वाल्डहाइम या लाकडी घराजवळचा वाइन्डॉर्फर्स फॉरेस्ट वॉक, अहाहा! जेमतेम 20 मिनिटांचा आहे, आम्हाला तास लागला, कारण ते किंग बिली पाइन. नावाला पाइन, तसं सायप्रसच्या कुळातलं, फक्त टास्मानियात सापडतं, वाढतं एकदम सावकाश पण 1000 वर्षांच्यावर जगू शकतं. आणि आग लागली की संपलंच, बुंध्यातून परत फुटत नाही, बी पण फार लांब जात नाही, त्यामुळे आगींत गेलेली जंगलं काही परत आलेली नाहीत. हे सगळं मी घरून वाचून गेलेले, गाइडला बसची घाई! ज्याच्या नावाचा हा वॉक, त्या गुस्ताव वाइन्डॉर्फरने 1912 मध्ये आपलं हे वाल्डहाइम घर याच लाकडाचं बांधलं, आत्ता दिसतं ती प्रतिकृती आहे, हेही गाइडने सांगितलं नाही.

3 स्टार, तेही झाडांचे. स्वतःची गाडी असेल तर टूर नकोच, आतमध्ये शटल मिळते, रॉनी क्रीकला उतरा. रेनकोट मस्ट, उन्हाळ्यातही.