‘स्टेरॉइड नाही’ म्हणून दिलेल्या पुड्या

मुलगी साडेतीन वर्षांची असताना तिच्या जांघेत आणि तोंडाभोवती पाण्याचे फोड आले. जुना फोड सुकत आला की त्याच्या कडेने नवे गोलाकार उठायचे, मोत्यांची माळ मांडल्यासारखे. आधी जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक झालं. मग त्वचारोगतज्ज्ञांनी फोडाशेजारच्या त्वचेचा तुकडा तपासायला पाठवला आणि निदान आलं: लिनिअर आयजीए. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते, वरचा थर खालच्यापासून सुटतो. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. बहुतेक मुलांचा हा आजार काही वर्षांत आपोआप शमतो, तोवर औषधाने आवरून धरायचा.

औषध होतं डॅप्सोन. ही गोळी कुष्ठरोगावरही देतात, एवढंच डोक्यात बसलं आणि आम्ही घाबरलो. गोळीआधी जी६पीडीची, म्हणजे लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची, रक्ततपासणी सांगितली होती, तीसुद्धा केली नाही.

नात्यातल्या एकाने एका ‘वैद्यां’कडे नेलं. "मुळापासून घालवतो. स्टेरॉइडचा कणही नाही," ते म्हणाले. पांढरट पुड्या, ना नाव ना घटक. विचारलं तर म्हणे घराण्याचं गुपित आहे. आणि एक अट: डॉक्टरांकडे जायचं नाही. ती अट ऐकूनच मी उठायला हवं होतं.

चौथ्या दिवशी फोड सुकले. मी अक्षरशः हात जोडले त्यांना. दीड महिन्यात लेकीचे गाल टम्म फुगले, कपाळावर लव आली, रात्री भुकेने रडत उठायची. "औषध अंगी लागतंय," असं उत्तर मिळालं. पुड्या संपल्या, पुढच्यांसाठी त्यांनी दामदुप्पट मागितले, आम्ही थांबलो. तीन दिवसांत फोड दुपटीने आले, डोळे लाल झाले, पोर मान टाकून पडली.

डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहताच विचारलं, "काय देत होतात?" उरलेली पुडी प्रयोगशाळेत गेली. त्यात स्टेरॉइड निघालं. बाहेरून इतकं मिळाल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं; मग बाहेरचं एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. मोजून स्टेरॉइड देत ते हळूहळू उतरवावं लागलं. मग जी६पीडी तपासून डॅप्सोन सुरू झालं. या गोळीने लाल पेशी फुटू शकतात, म्हणून सुरुवातीला वरचेवर रक्त तपासतात. ओठ निळसर दिसले किंवा धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठायचा.

तुमच्या घरात अशी बिननावाची पुडी चालू असेल, तर ती मनाने एकदम बंद करू नका. पुडी आणि मूल, दोन्ही घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. ते रागावतील म्हणून लपवू नका, आम्ही तेच केलं होतं.