गाडीखाली शिरायचं, तर गाडी कशावर टेकवायची?

ऑइल बदलणं हे तसं अर्ध्या तासाचं काम. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, नट सोडायचा, जुनं तेल घमेल्यात घ्यायचं, फिल्टर बदलायचा, नवीन तेल ओतायचं. नटाला पाना चौदाचा लागतो की सतराचा, यावर माणसं तासभर वाद घालतील. गाडी कशावर उभी आहे, हे मात्र खाली आडवं झाल्यावर बघतील. हा आढावा त्या दुसऱ्या प्रश्नाचा. सोसायटीचं पार्किंग, बंगल्याचा पोर्च, गावाकडचं अंगण, अशा ठिकाणी स्वतः काम करणाऱ्याने काय विकत घ्यावं, काय घेऊ नये आणि कधी सरळ दुसऱ्याकडे जावं? माझ्या मते याचं उत्तर गाडीच्या मॉडेलपेक्षा तिच्या चाकाखालच्या जमिनीवर जास्त अवलंबून आहे.

डिकीतला जॅक

तो स्पर्धेतच नाही. गाडीबरोबर येणारा कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, असं गाडीच्या पुस्तिकेत छापलेलंही असतं. एक बारीक आटे असलेला दांडा, तळव्याएवढं बूड आणि त्यावर टेकलेली पत्र्याची कड. एकच कोपरा उचलला की गाडी तिरकी होते, वजन जॅकला बाजूला ढकलू लागतं. माझी स्वतःची अल्टो अशीच एकदा जॅकवरून घसरली. चाक काढलेलं होतं, ब्रेकची डिस्क पेव्हर ब्लॉकवर आपटली आणि ब्लॉकचा टवका उडाला. मी तेव्हा हात पुसायला फडकं आणायला गेलो होतो. अल्टो म्हणजे आपल्याकडच्या हलक्या गाड्यांपैकी एक, तरी तिचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. बोलेरो दीड टनाच्या वर.

‘माझ्याकडे हायड्रॉलिक आहे, दोन टनी’ असं सांगणारेही भेटतात. बाटलीच्या आकाराचा असो की चाकांचा ट्रॉली जॅक, आतलं तेल एका रबरी सीलने अडवलेलं असतं. सील जुनं झालं, तेलात कचरा गेला, सोडायचा स्क्रू अर्धवट आवळला गेला, की दट्ट्या खाली येतो. कधी हळूहळू येतो, कधी एकदम. दोन टनाचा आकडा उचलण्याच्या ताकदीचा आहे. तासभर धरून ठेवायचं काम त्याच्याकडून अपेक्षितच नाही.

विटा, चिरे, ठोकळे

हा सगळ्यात जुना आणि फुकटचा पर्याय. सर्वांत फसवाही तोच. काँक्रीट ब्लॉक भिंतीत कितीतरी वजन पेलतो, कारण तिथे वजन त्याच्या पूर्ण पृष्ठभागावर सारखं पसरतं. गाडीची कड त्यावर एका रेषेत टेकते. मग तो आधी सूचना न देता फुटतो. वाकणं, कुरकुरणं वगैरे काही नाही. पोकळ ब्लॉक आणि हल्ली प्रत्येक बांधकामावर उरलेले पांढरे सिपोरेक्स ब्लॉक तर अजिबात वापरू नयेत. कोकणात नि गोव्यात अंगणात हमखास पडलेला असतो तो जांभा चिरा. घर उभं राहतं त्याच्यावर, मग गाडी का नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण जांभा सच्छिद्र असतो, एकसारखा नसतो, पावसात भिजलेला असला तर आणखीनच भरवसा नाही.

लाकूड वेगळं. जाड, न फाटलेले ओंडके एकावर एक आडवे-उभे रचले (रेल्वेचे जुने स्लीपर रचतात तसे) तर तो उत्तम आधार होतो. लाकूड तुटण्याआधी दबतं, आवाज करतं. रचलेल्या ढिगाची उंची त्याच्या बुडाच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. ज्यांच्याकडे शेतावर असे तुकडे पडलेले आहेत त्यांनी घोडीवर (लोखंडी जॅक स्टँडवर) खर्च करण्याआधी याचा विचार जरूर करावा. फ्लॅटमधल्या माणसाने ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न आहेच.

घोडी की रॅम्प?

खरी निवड इथे आहे. जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजवाल्यांची घोडी, जोडीने मिळते. तीन टनी जोडी दोन-तीन हजारांच्या आसपास. लिहिलेली क्षमता एका घोडीची की जोडीची, ते वेष्टनावर नीट वाचून घ्या. छोट्या गाडीला दोन्ही पुरतील, पण इनोव्हावाल्याला फरक पडतो.

घोडीतही दोन प्रकार. एकात दातेरी दांडा आणि खटका, दुसऱ्यात भोकं पाडलेला दांडा आणि आरपार जाणारी जाड पिन. दातेरी घोडी भराभर लावता येते. अमेरिकेत 2020 मध्ये हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने अशा दातेरी घोड्या लाखोंनी परत मागवल्या, कारण खटका दात्यात नीट बसत नव्हता आणि वजन आल्यावर घोडी अचानक खाली येऊ शकत होती. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला, त्याही परत मागवाव्या लागल्या. तेव्हापासून माझा कल पिनवाल्या घोडीकडे आहे. पिन आरपार गेली की नाही हे डोळ्यांनी दिसतं, खटक्याचं तसं नाही. दातेरीच घेतली असेल तर खटका बसल्यावर त्याचा दांडा हाताने खाली दाबून बघावा आणि ज्यात सुरक्षेची वेगळी पिन दिलेली आहे तीच निवडावी.

आता दुकानदार सांगत नाही ती गोष्ट. नुसती घोडी घेऊन भागत नाही. गाडीच्या दरवाज्याखाली पत्र्याची कड असते, तिच्यावर दोन खाचांमधली जागा जॅकसाठी मजबूत केलेली असते. तिथे तुम्ही कात्री जॅक लावला, गाडी वर गेली, मग घोडी कुठे लावणार? जागा तर जॅकने अडवलेली. म्हणून ट्रॉली जॅकही लागतो. तो पुढच्या बाजूच्या मधल्या आडव्या लोखंडी तुळईखाली, म्हणजे पुस्तिकेत दाखवलेल्या जागी लावायचा आणि घोड्या दोन्ही बाजूंच्या खाचांखाली. चेंबरला जॅक लावणारे महाभाग आहेत. चेंबरचा पत्रा आत जातो आणि ऑइल बदलायला निघालेला माणूस चेंबर बदलून येतो. घोडीच्या लोखंडी वाटीत ती कड चेपू नये म्हणून मधे खाच असलेलं रबर मिळतं, तेही घ्या. लहान घोड्यांची कमीत कमी उंचीच 26 ते 30 सेंटीमीटर असते, तेव्हा आपला जॅक तिच्याहून वर जातो ना, हे पैसे देण्याआधी बघायचं. एकूण खर्च मग दोन-तीन हजारांवर राहत नाही.

ट्रॉली जॅकला चाकं असतात ती शोभेला नसतात. त्याचा हात वर जाताना कमानीत फिरतो, त्यामुळे एकतर जॅकला पुढे सरकता आलं पाहिजे, नाहीतर गाडीला. पेव्हरच्या फटीत किंवा खडीत चाक अडकलं की जॅक गाडीला ओढतो किंवा त्याचं टोक पत्र्यावरून घसरतं. वाळूवर बसवलेले पेव्हर घोडीच्या पायाखाली एका बाजूने खचतातही. तिथे जाड प्लायवुडचा तुकडा टाकावा. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारचं डांबर मऊ पडतं, घोडीचे पाय त्यात रुततात. काळ्या मातीबद्दल बोलायलाच नको. पाऊस पडून गेल्यावर तिच्यावर घोडी लावणं म्हणजे चिखलात खुर्ची मांडून बसणं.

रॅम्प यातल्या बऱ्याच कटकटी टाळतो. दोन उतार ठेवायचे, पुढची चाकं चढवायची, झालं. वजन चाकांवरच राहतं, जॅक लागत नाही, पत्र्याची कड शोधावी लागत नाही. फक्त ऑइल आणि खालची तपासणी एवढंच करायचं असेल तर नवख्याला मी रॅम्पच सुचवेन. पण चाक काढता येत नाही, म्हणजे ब्रेकचं काम गेलं. खाली झुकलेल्या सेडानचा बंपर उतारालाच घासतो. स्टिल्ट पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर प्लास्टिकचा रॅम्प चाकाने ढकलला जाऊन पुढे पळतो, त्याच्याखाली रबरी मॅट हवी. शिवाय चढवताना वरच्या खोलगट जागी थांबायचं असतं. थोडा जास्त ॲक्सिलरेटर बसला की गाडी पलीकडे. खुणा करणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, समोर नाही. रॅम्प ठेवायला जागाही घोडीपेक्षा जास्त खातो.

उचलायचीच नाही

हा पर्याय कुणी सुचवत नाही, कारण त्यात खरेदीची मजा नाही. बोलेरो, सुमोसारख्या उंच गाडीखाली सडपातळ माणूस जॅकशिवाय जाऊन चेंबरचा नट सोडू शकतो. इतरांसाठी डिपस्टिकच्या, म्हणजे तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या, नळीतून तेल ओढून घेणारा हातपंप मिळतो. तळाशी थोडं तेल राहतं आणि फिल्टर खालून असेल तर पंचाईत होते, पण फिल्टर वरून हाताला येणाऱ्या गाडीसाठी हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे. वयाची साठी ओलांडलेल्या हौशी मंडळींना मी हाच सांगतो.

खड्डा आणि वॉशिंग सेंटर

गावाकडे जागा आहे म्हणून पोर्चमध्ये सर्व्हिसचा खड्डा खणून घेणारे आहेत. आरामात उभं राहून काम होतं, गाडी अंगावर पडायचा प्रश्नच नाही. पण पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतात, त्या खड्ड्यात साचतात, आणि मग एक ठिणगी पुरते. खड्ड्याच्या वर इंजिन चालू ठेवलं तर धूरही तिथेच घुटमळतो. सीएनजी हलका, तो वर जातो. बंद गॅरेजमध्ये मग तो छताशी जमतो. पावसाळ्यात खड्डा भरतो, काळ्या मातीत भिंतींना तडे जातात, अंधारात त्यात माणूस पडतो. नव्याने खणण्याच्या मी विरोधात आहे.

त्यापेक्षा जवळच्या वॉशिंग सेंटरवाल्याशी ओळख काढा. दोन बांधीव कठड्यांवर गाडी चढवून त्याचा रॅम्प तासाभरासाठी वापरू देणारे भेटतात. काहींकडे लिफ्ट असते. तुमच्या घरची जमीन उताराची, मातीची किंवा खचणारी असेल तर घोडी आणि रॅम्पची वरची सगळी चर्चा सोडून द्या आणि इथे जा.

शेतकऱ्यांसाठी एक जोड. डंपिंग ट्रॉलीचा हौदा वर उचलून खाली ग्रीस करणं हे याच जातीचं काम आहे. हौदा धरून ठेवणारा तोच हायड्रॉलिक दट्ट्या, आणि कुणी चुकून लिव्हरला हात लावला तर तेवढंही नाही. ट्रॉलीबरोबर टेकू आला असेल तर तो, नसेल तर लोखंडी टेकू करून घेऊन तो लावल्याशिवाय आत डोकं घालू नये.

काहीही निवडलं तरी

हँडब्रेक ओढला म्हणजे गाडी धरली, हे अर्धसत्य. आपल्या बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची बाजू उचलली की तो हवेत. तेव्हा पुढच्या चाकांवर चालणारी गाडी गिअरमुळे थांबते. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागच्याच चाकांना धरतात, म्हणजे मागून उचलल्यावर तिला काहीच धरून नसतं. गिअरचीही गंमत आहे: इंजिन ज्यांना फिरवतं त्या दोन चाकांपैकी एकच उचललं तर डिफरेन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे) ते हवेत मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं त्याचं जोडीदार चाकही सुटतं. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर किंवा मोठा दगड हवाच, गाडी उचलण्याआधी.

घोडीवर गाडी उतरवल्यावर, खाली जाण्याआधी, तिला बाजूने चांगलं हलवून बघा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. जॅक काढून टाकू नका, हलका टेकलेला राहू द्या. काढलेलं चाक किंवा स्टेपनी दाराच्या कडेखाली आडवी सरकवा. सगळं फसलं तरी तेवढी उंची शिल्लक राहते. डोळ्याला साधा चष्मा, कारण पहिला गंज डोळ्यातच पडतो. उजेडाला बॅटरीचा दिवा, घरातली वायर ओढून आणलेला बल्ब नको. गाडी फिरवून आणल्यावर तेल कोमट होईपर्यंत थांबा, सायलेन्सरला कोपर लागू देऊ नका. घरात कुणालातरी सांगून खाली जा, आणि गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. पोरं गाडीत बसून खेळतात.

गाडी उतरवताना घमेलं आधी बाहेर काढा. मी एकदा विसरलो, आणि पार्किंगच्या फरशीवरचा तो साडेतीन लिटरचा डाग बघून सेक्रेटरी अजूनही मला नमस्कार करत नाहीत.