‘कॉन्स्टिट्यूशन’वरची सूर्यास्ताची तोफ

बॉस्टनच्या चार्ल्सटाउन नेव्ही यार्डात धक्क्याला लागलेली ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ पाहायला तिकीट नाही; प्रौढांनी ओळखपत्र तेवढे जवळ बाळगावे. १७९७ साली पाण्यात उतरलेली ही लाकडी युद्धनौका आजही अमेरिकी नौदलाच्या सेवेत असून, सकाळी आठला ध्वज चढवताना आणि सूर्यास्ताला तो उतरवताना तिच्यावरून तोफेचा एकेक बार काढला जातो. मी मुख्यतः त्या बारासाठीच गेले होते, त्यामुळे हे परीक्षणही तोफांपुरतेच आहे.

दिवसा आधी तोफांचा मजला पाहून घ्यावा. माझ्या हातातल्या सहलीच्या माहितीपत्रकात ‘दोनशे वर्षांपूर्वीच्या तोफा’ असे छापले होते, ते खरे नाही. यांतील बहुतेक तोफा १९३० साली ओतलेल्या प्रतिकृती आहेत, आणि सलामीच्या दोन, म्हणजे दोन्ही बाजूंची सर्वांत पुढची एकेक, यांचे सोंग तर दुहेरी आहे. १९७३ ते १९७६ च्या दुरुस्तीत त्यांच्या पोटात ४० मिलिमीटरची आधुनिक सलामी तोफ दडवण्यात आली. बाहेरचे रूप २४ पौंडी तोफेचे, म्हणजे सुमारे ११ किलोंचा लोखंडी गोळा फेकणाऱ्या धुडाचे. आतली नळी मात्र अंगठा आणि तर्जनी जुळवून होणाऱ्या कड्याएवढी.

हे कळल्यावर माझा हिरमोड झाला, हे कबूल करते. परंतु जुन्या पद्धतीत बार झाल्यावर ओला बोळा फिरवून नळीतल्या ठिणग्या विझवायच्या, तोंडातून पुन्हा दारू ठासायची आणि मगच बत्ती द्यायची, असा सारा खटाटोप असे. पूर्वी सलामीसाठी आधीच भरून ठेवलेल्या अनेक तोफा एकामागून एक उडवता येत. दोनच तोफांनी नेमक्या अंतराने २१ बार काढायचे, तर तयार काडतुसांवाचून गत्यंतर नाही. ही सोय झाल्यावर ११ जुलै १९७६ रोजी, राणी एलिझाबेथ यांना घेऊन आलेल्या ‘ब्रिटानिया’ला या नौकेने २१ तोफांची सलामी दिली. १८१२ साली ब्रिटिशांच्या ‘गेरिएर’चा चक्काचूर करणारी नौका ती हीच.

सायंकाळचा बार एकच असतो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. मी वेळ पाहायला मान खाली घातली आणि नेमका तेव्हाच तो झाला! पांढऱ्या धुराचा लोट तेवढा दिसला. आवाज मात्र चुकत नाही. तो कानांआधी छातीत जाणवतो आणि पाण्यापलीकडून पुसटसा परत येतो. माझ्या शेजारचे काही जण दुसऱ्या बाराची वाट पाहत बराच वेळ मोबाईल धरून उभे होते.

ज्यांना एका बाराने समाधान होणार नाही, त्यांनी ४ जुलैचा मुहूर्त साधावा. त्या दिवशी नौका बंदरात फेरी मारते, कॅसल आयलंडजवळ २१ बार काढते आणि परतताना, जिथे ती बांधली गेली त्या जागेसमोर, १७ बार काढते. त्यांतले सोळा तिच्या जलावतरणाच्या वेळी असलेल्या सोळा राज्यांसाठी आणि सतरावा तिचा स्वतःचा.