पांढरे ठिपके आले: औषधाची बाटली की हीटर आणि खडे मीठ?

डिसेंबरात पुण्यात माशांच्या टाकीचं पाणी रात्रीतून २१-२२ अंशांवर येतं. नेमक्या त्याच आठवड्यात कुणीतरी दुकानातून नवीन मासे आणून थेट टाकीत सोडलेले असतात. चार दिवसांनी परांवर रवा भुरभुरल्यासारखे कण दिसतात आणि मासे खड्यांवर अंग घासायला लागतात. हा आजार म्हणजे व्हाइट स्पॉट. तो ओळखायचा कसा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहितो.

मी दोन्ही उपाय केले आहेत, दोन वेगवेगळ्या हिवाळ्यांत, त्याच ९० लिटरच्या टाकीत. मासेही साधारण तेच होते: गुरामी, मॉली आणि एक एंजल.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे. दिसणारा ठिपका कशानेच मरत नाही, कारण तो परजीवी कातडीच्या आत बसलेला असतो. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, कोष करतो आणि फुटून शेकड्यांनी पिल्लं सोडतो. ती नवा मासा शोधत पोहत असतात, तेव्हाच औषध किंवा मीठ त्यांना गाठू शकतं. २५ अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होतं, थंड पाण्यात मात्र खूप लांबतं. त्यामुळे बाटली आणली तरी पाणी थोडं गरम ठेवावंच लागतं.

पहिल्या वेळी मी बाटली आणली. घटक वाचून घ्या. नुसतं मिथिलीन ब्ल्यू असेल तर या रोगावर ते तसं कमजोर, शिवाय फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही त्रास देतं. मॅलेकाइट ग्रीन, त्यातही फॉर्मेलिनसोबत, खरोखर काम करतं. पण ते हाताळायला जपून. युरोप-अमेरिकेत खाण्याच्या माशांसाठी त्याला परवानगी नाही, म्हणून हातमोजे घालाच. लोच आणि कॅटफिशना ते सोसत नाही, त्यांच्यासाठी बरेच जण अर्धाच डोस देतात. फिल्टरमधला कोळसाही काढावा लागतो, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

हे सगळं मी केलं. मला नडली ती वेगळीच गोष्ट: मासे दिसेनात. पाणी निळसर-हिरवं झालं, आणि उजेडात हे औषध निकामी होतं म्हणून टाकीचा दिवा बंद. सकाळी ऑफिसला निघण्याआधी टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसायचो. गुरामी मागच्या कोपऱ्यात उभा, अंगावर ठिपके आहेत की काचेवरचे बुडबुडे, कळायचं नाही. कल्ले किती जोरात हलताहेत, खाल्लेलं थुंकतो आहे का, हे ज्या दिवसांत बघायला हवं, त्याच दिवसांत बघता येईना. पाचव्या दिवशी ठिपके दिसले नाहीत म्हणून मी डोस थांबवला. नवव्या दिवशी मॉलीच्या शेपटीवर पुन्हा रवा. त्या फेरीत माझ्या दोन मॉली गेल्या. चूक माझीच, डोस दोन आठवडे चालू ठेवायला हवा होता. पण पाणी स्वच्छ असतं तर ती चूक माझ्याकडून झाली नसती, असं मला अजूनही वाटतं.

पुढच्या हिवाळ्यात हीटर लावला. दर दोन-तीन तासांनी एक अंश अशा बेताने दीड दिवसात ३० अंशांपर्यंत नेलं. तेवढ्या उष्णतेत हा परजीवी सहसा वाढू शकत नाही. सोबत लिटरला २ ग्रॅम मीठ, म्हणजे १८० ग्रॅम. साधं खडे मीठ टाकीच्याच पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत दीड दिवसात घातलं. मीठ वाफेबरोबर उडत नाही, तेव्हा पातळी उतरली तर साधं पाणी घाला. पाणी बदललं तर बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ. दोन दिवसांआड तळ सायफनने ओढत राहिलो, कारण कोष तिथेच असतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम तर ३० ला साडेसातच. म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवला.

आणि सगळं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ठिपके वाढल्यासारखे वाटले. गरम पाण्यात चक्र वेगाने फिरतं, तेव्हा घाबरू नका. पाचव्या दिवशी एंजलच्या वरच्या परावर तीन उरले, सातव्या दिवशी एकही नाही. तरी शेवटचा ठिपका गेल्यावर मी आणखी दहा दिवस उष्णता तशीच ठेवली. त्या फेरीत एकही मासा गेला नाही. एका टाकीच्या अनुभवावरून नियम काढू नये, हेही खरं. या परजीवीचे उष्णतेला दाद न देणारे प्रकार आढळल्याचं वाचलं आहे. आठवडाभरात काहीच फरक दिसला नाही तर बाटलीकडे वळण्यात कमीपणा नाही.

गोल्डफिश असतील तर मात्र मी ३० अंश सुचवणार नाही. त्यांना मीठ चालतं, इतकी उष्णता नाही, तिथे औषधच बरं. कोरीडोरास या छोट्या कॅटफिशनाही एवढी गरमी मानवत नाही. नाजूक पानांच्या वनस्पती मिठाने गळतात. माझ्या मी बिनमाशाच्या बादलीत दोन आठवडे ठेवल्या. मासा मिळाला नाही की परजीवीची पिल्लं एक-दोन दिवसांत मरतात, कोषांना फुटायला मात्र वेळ द्यावा लागतो. तुमच्याकडे वीज तासन्‌तास जात असेल तर हीटरचा भरवसा धरण्याआधी विचार करा. माझ्याकडे दोन तास गेली तेव्हा टाकीभोवती रजई गुंडाळली आणि बॅटरीवरचा पंप लावला, पाणी दीड अंशच उतरलं.

मीठ नंतर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलत महिन्याभरात आपोआप निघून गेलं. पहिल्या हिवाळ्यातल्या औषधाचा निळा डाग काचेच्या जोडातल्या सिलिकॉनवर अजून तसाच आहे.